चौथ्या पायरीचं भांडण

नाशिकजवळच्या एका धरणात क्रूझ चालते. लांबी चाळीस फूट, कर्मचारी दोन. नवनाथ, पदनाम कॅप्टन. आणि सिंधुबाई, पदनाम एक्झिक्युटिव्ह शेफ, म्हणजे भजी तळणाऱ्या त्याच.

एका फेरीत भर प्रवाशांत सिंधुबाई ओरडल्या, "नवनाथ, मेल्या, हळू घे की! तेल हिंदकळतंय."

नवनाथ फुगला. "लोकांदेखत कॅप्टन म्हणायचं, मावशी."

सिंधुबाईंनी घाणा काढला आणि बशी त्याच्यापुढे सरकवली. "घ्या, कॅप्टनसाहेब. चटणी वाढू, की समुद्रात बुडवून खाताय?"

तो हसला. भांडण मिटलं. एकूण कालावधी सहा मिनिटं.

पण बोटीवरच्या कॅमेऱ्यानं ते टिपलं होतं. सोमवारी कंपनीच्या नाशिकमधल्या, द्वारका चौकातल्या ऑफिसातून साक्षी मॅडम 'कर्मचारी संघर्ष निवारण' असा फॉर्म घेऊन हजर.

"मिटलं हो ते," सिंधुबाई म्हणाल्या.

"परस्पर?" मॅडमचा चेहरा पडला. "हे नियमबाह्य आहे, मावशी. संघर्षाच्या पाच पायऱ्या असतात. तुमची पहिली, किरकिर. चौथीखाली समिती निकाल देत नाही. निकाल नाही तर फाइल उघडी, आणि फाइल उघडी तर एकाची दुसऱ्या जहाजावर बदली."

"दुसरं जहाज कुठंय?"

"नाहीये ना. तेच तर."

दोघांच्याही घरची चूल त्याच बोटीच्या जिवावर पेटत होती. मग ठरलं, समितीपुढे खोटंखोटं भांडायचं.

भांडले. मिठावरून, डिझेलवरून, हॉर्नवरून.

"दुसरीच पायरी," अध्यक्ष म्हणाले. "जरा व्यक्तिगत घ्या."

सिंधुबाईंच्या तोंडून निसटलं, "याला पोहता येत नाही! म्हणे कॅप्टन!" नवनाथनं हे जगात फक्त त्यांनाच सांगितलं होतं.

"सुरक्षेचा विषय वेगळ्या समितीकडे. इथे तिसरी पायरी."

नवनाथचे कान लाल झाले. "तुमच्या हातचं खायला तुमचा पोटचा पोरगासुद्धा येत नाही, मावशी."

सिंधुबाईंनी पदराला हात पुसले. हात कोरडेच होते.

"चौथी!" अध्यक्षांनी शिक्का उमटवला. हस्तांदोलनाचा फोटो निघाला, समेटाचं प्रमाणपत्र बोटीवर लागलं, फाइल बंद झाली.

आता भजी झाली की सिंधुबाई घंटी वाजवतात. नवनाथ मान न वळवता हात वर करतो. बाकी फेरीभर इंजिनाचा आवाज.

गेल्या रविवारी तुम्ही सहकुटुंब येऊन गेलात. उतरताना अभिप्रायाच्या वहीत लिहिलंत, 'स्टाफ किती शांत! असंच वातावरण सगळीकडे हवं.'