चार ट्रंका

सातारा-सांगली रस्त्यावरच्या एका तालुक्याच्या गावी, तहसील कचेरीत सकाळी अकराच्या सुमाराला चौथं सीलबंद पाकीट आलं, तेव्हा तहसीलदारसाहेबांनी चहाचा कप बशीसकट बाजूला सारला.

ते १९९३ सालचे एप्रिलचे दिवस होते. महिन्यापूर्वी मुंबईत स्फोट झाले होते. सगळ्या कचेऱ्यांना हुकूम सुटला होता, की संशयास्पद वस्तू दिसली तर ताबडतोब गोपनीय अहवाल पाठवावा आणि एका खात्याचा मजकूर दुसऱ्या खात्याला कळू देऊ नये.

"बसस्थानकावर एक काळी ट्रंक," साहेब हळू आवाजात म्हणाले. "टेलिफोन कचेरीच्या भिंतीशी एक. पोस्टाच्या मागं एक, ती तर टिकटिक वाजतेय म्हणतात. आणि आता बाजार समितीच्या गोदामापाशी एक. चार ट्रंका! एका तासात!"

समोर टंकलेखक प्रियदर्शनी कांबळे बसली होती. तिची नेमणूक हंगामी होती आणि मुदत महिनाअखेरीला संपणार होती. पाकिटांतले चारी अहवाल तिनंच साताऱ्यासाठी टाइप केले, चार वेगवेगळ्या फायलींना लावले आणि चारी फायली चार वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवल्या. तसाच नियम होता.

साहेबांनी साताऱ्याला कळवलं. साताऱ्यानं पुण्याला कळवलं. बॉम्ब निकामी करणारं पथक निघालं. फौजदारांनी पेठ बंद केली, शाळा सोडली आणि शिपाई घेऊन ट्रंका शोधायला निघाले. अर्ध्या तासात ते घामाघूम होऊन कचेरीत परतले.

"साहेब, गोदामापाशी एकच सापडली. बाकीच्या तीन जागच्या गायब!"

"गायब?"

"कुणीतरी हलवल्या. म्हंजे टोळीची माणसं गावातच हायती."

साहेबांनी साताऱ्याला पुन्हा फोन लावला. आता संशयितही चार झाले, कारण एका माणसाला एवढ्या ट्रंका उचलणं शक्य नाही, असं साताऱ्याचं मत पडलं.

या सगळ्या गोंधळात सुभेदार लालासाहेब जगदाळे दोन तास गावभर फिरत होते. फौजेतून निवृत्त झालेला, ताठ कण्याचा माणूस. त्या दिवशी सांगलीला त्यांच्या पहिल्या नातीचं बारसं होतं. खंडाळ्याकडून येऊन सांगलीची बस धरायला ते इथं उतरले होते. सामान फलाटावर ठेवून लेकीला फोन करायला गेले. लाईन लागायला पाऊण तास लागला, आणि परत येऊन बघतात तर सामान नाही. स्थानकावर विचारलं तर म्हणाले, पोलिसात जा. पोलिसांकडे तोंड उघडलं तर फौजदार म्हणाले, "माजी सैनिक का? झ्याक झालं. माणसं कमी पडत्यात. ह्यो दांडका धरा आन् पेठेच्या तोंडाला उभं ऱ्हावा. कुणाला आत सोडायचं न्हाई."

हुकूम म्हणजे हुकूम. सुभेदार तासभर उन्हात उभे राहिले. मग मात्र त्यांना राहवेना. दांडकं एका शिपायाच्या हाती देऊन ते तहसील कचेरीत आले आणि प्रियदर्शनीच्या टेबलापुढं उभे राहिले.

"ताई, मला ड्यूटीवरनं मोकळं करा. साडेतीनची बस चुकली तर लेकीला काय तोंड दावू? आन् बारशाचं समदं सामान हरवलंय माजं."

"काय काय होतं, आजोबा?"

"आमच्या मंडळीनं, मनुबाईनं शिवल्याली कुंची, झबली. साजूक तुपातलं डिंकाचं लाडू. जावयाला गजराचं घड्याळ. समदं माज्या फौजेतल्या ट्रंकंत. काळी हाय, लाल दोरी बांधल्याली."

प्रियदर्शनीची बोटं टाइपरायटरवर थांबली. स्थानकाच्या अहवालात लाल दोरी होती. टेलिफोनवाल्यांनी लिहिलं होतं, झाकणावर पुसट फौजी नंबर. पोस्टानं लिहिलं होतं टिकटिक. आणि गोदामाच्या राखणदारानं लिहिलं होतं, 'तुपासारखा उग्र वास, रसायन असावे.'

ती उठली. एका खात्याचा कागद दुसऱ्याजवळ नेला तर नोकरी जाईल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. घरी आई होती, धाकटा भाऊ कपिल शिकत होता. तरी तिनं चारी कप्पे उघडले आणि चारी कागद साहेबांच्या टेबलावर शेजारी शेजारी मांडले.

"हे काय करताय, कांबळेबाई? हे गोपनीय आहे!"

"साहेब, फक्त वेळा बघा. नऊ, सव्वानऊ, साडेनऊ, पावणेदहा. ट्रंक एकच आहे. ती फिरलीय."

"एकटी कशी फिरेल?"

स्थानकावरचा हमाल अर्जुना याला बोलावणं गेलं. तो डोक्याचं मुंडासं सोडत आत आला.

"व्हय, तिन्ही येळा म्याच उचलली," तो शांतपणे म्हणाला. "स्थानकवालं म्हनलं, आमच्या हद्दीत नगं, तिकडं ठेव. तिकडचं म्हनलं, आमच्यात नगं. पोस्टवालंबी तसंच. लय जड हाय गड्या ती."

"मग सांगितलं का नाहीस?" फौजदार ओरडले.

"आवं, परत्येकजन म्हनला, कुनाला बोलायचं न्हाई!"

गोदामापाशी पथक येईपर्यंत ट्रंकेला कुणी हात लावला नाही. पथकानं तपासून झाकण उघडलं. वरच पिवळी कुंची होती, खाली घड्याळ, आणि डब्यात लाडू. सुभेदारांनी कुंची झटकली, घडी नीट केली आणि डोळे पुसले. पथकातल्या जवानानं इतका वेळ रोखलेला श्वास सोडला आणि खदखदून हसला. मग सगळेच हसले. लाडू वाटले गेले. पेठेतली दुकानं भराभर उघडली.

इतक्यात साताऱ्याचा फोन आला. "एक सापडली, उत्तम. उरलेल्या तीन कुठायत? चार नोंदी आहेत, चार ट्रंका दाखवल्याशिवाय प्रकरण मिटत नाही."

साहेबांनी कपाळाला हात लावला. प्रियदर्शनीनं निमूटपणे चार पावत्या टाइप केल्या: ट्रंक मालकास परत मिळाली. सुभेदारांनी चारी पावत्यांवर सह्या ठोकल्या.

"चार काय, चाळीस करतो! पर बस चुकाया नगं."

फौजदारांनी स्वतःच्या जीपमधून त्यांना स्थानकावर पोचवलं. साडेतीनची बस सापडली आणि बारसं वेळेवर झालं. नातीचं नाव साक्षी ठेवलं.

प्रियदर्शनीला मात्र आठवडाभर झोप नव्हती. आठव्या दिवशी साताऱ्याहून तिच्या नावानं पाकीट आलं. तिनं ते उभ्या उभ्याच फोडलं. नोकरी गेली नव्हती, उलट मुदत वर्षानं वाढली होती. शिवाय खात्याखात्यांनी एकमेकांना माहिती कशी द्यावी, यावर जिल्ह्यातल्या अधिकाऱ्यांपुढं भाषण करायला तिला बोलावलं होतं.

ती लगेच लिहायला बसली आणि पाच मिनिटांत कागद साहेबांपुढं ठेवला. त्यावर एकच ओळ होती: 'एकमेकांना विचारा, आणि हमालालाही विचारा.'

साहेबांनी ती दोनदा वाचली आणि मान डोलावली.

"मुद्दा बिनतोड आहे, बाई," ते म्हणाले. "पण जरा वाढवा. बैठक दोन दिवसांची आहे."