अबोलीची खोली

त्या हिवाळ्यात आमच्या घरात रोज सकाळी सगळ्यांत आधी ताप मोजला जायचा तो एका झाडाचा. कपाळासमोर धरून ताप सांगणारं पिस्तुलासारखं यंत्र तेव्हा घरोघरी आलं होतं. कुंदा ते आधी तिच्या खोलीतल्या अबोलीच्या पानावर रोखायची, मग स्वतःच्या कपाळावर, आणि स्वयंपाकघरात येऊन दोन्ही आकडे जाहीर करायची. "हिचा अठरा, माझा छत्तीस पॉइंट चार." माझी आई पोहे परतता परतता म्हणायची, "कधीतरी माझाही बघ गं. मीपण याच घरात राहते."

कुंदा परब ही आमची पेइंग गेस्ट. वीसेक वर्षांपूर्वी सावंतवाडीहून अकाउंटिंग शिकायला सिडनीत आली, पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, मिळेपर्यंत मिळेल ते काम करत राहिली, आणि शेवटी एका एज्ड केअरमध्ये म्हाताऱ्यांची अंघोळ-जेवणं बघायच्या कामात रमली. शेहेचाळीस वर्षांची, बुटकी, चालताना कायम काहीतरी विसरल्यासारखी मागे वळून बघणारी. लग्न केलेलं नाही. का नाही, असं आईने पहिल्याच आठवड्यात विचारलं, तेव्हा "चान्स घ्यायचा नाही, काकू," एवढंच उत्तर मिळालं.

हे तिचं ठरलेलं वाक्य. आकाश निळंभोर असलं तरी हातात छत्री, कारण चान्स घ्यायचा नाही. गॅस बंद केल्यावर तीनदा बघून यायचं, दूध तारखेच्या दोन दिवस आधी ओतून द्यायचं, आणि ट्रेनने जायचं असेल तर एक गाडी आधीची पकडायची. अशा बाईने पाळायला झाड निवडावं ते अबोलीचं.

कोकणात अबोलीचं कोणी कौतुक करत नाही. तुळशीच्या कडेला, विहिरीच्या काठाला, कुठेही उगवते, गुडघाभर वाढते, केशरी फुलं देते, आणि बायका ती वेणीत गुंफतात. पण सिडनीतल्या आमच्या ब्लॅकटाउनमध्ये, जुलैच्या ऐन हिवाळ्यात, पहाटे गवतावर पांढरं दव गोठतं तेव्हा, तीच अबोली दहा अंशांच्या खाली मान टाकते. मग तिला घरात घ्यायचं आणि थंडी संपेपर्यंत सांभाळायचं, हे एका माणसाचं पूर्णवेळ काम होऊन बसतं.

कुंदाचे नियम मला आजही पाठ आहेत. माती बोटाच्या दुसऱ्या पेरापर्यंत कोरडी झाली तरच पाणी, तेही कोमट. हीटरने हवा सुकते म्हणून पसरट ट्रेमध्ये खडे आणि थोडं पाणी, त्यावर कुंडी, पण कुंडीचं बूड पाण्याला लागता कामा नये. सूर्य मावळला की काच गार पडते, म्हणून कुंडी खिडकीपासून हातभर आत ओढायची. हिवाळ्यात खत अजिबात नाही. मी एकदा चमचाभर घालू का विचारलं तर म्हणाली, "झोपलेल्या माणसाला कोणी ताट वाढतं का?" फोडणी द्यायची तर स्वयंपाकघराचं दार लावून. माझा नवरा मिलिंद कॉफी पिताना गाणं म्हणतो, त्यालाही तिची हरकत होती, पण ती झाडाच्या वतीने होती की स्वतःच्या, हे कळलं नाही. झाडाशी मात्र ती वेगळ्याच आवाजात बोलायची. "थंडी लागता काय गे तुका?" असं भिंतीपलीकडून ऐकू आलं की आईला हसू आवरायचं नाही.

ही तिची दुसरी अबोली. पहिली तिने स्वतःच्या हाताने मारली होती. एका फिजी-इंडियन बाईने दिलेली फांदी तिने रुजवली, वाढवली, आणि थंडी लागताच आठवणीने दक्षिणेच्या खिडकीत नेऊन ठेवली. आपल्याकडे हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कलतो ना! इथे तो उत्तरेकडून जातो. या देशात इतकी वर्षं काढलेल्या बाईच्या हे डोक्यातच आलं नाही, आणि त्या झाडाने जून ते ऑगस्ट उन्हाचा कवडसासुद्धा न बघता प्राण सोडला. अर्थात मला हसायला तोंड नाही. हे घर घेताना "थंडीत ऊन येईल" म्हणून आम्ही दिवाणखाना दक्षिणेचा बघून घेतला आणि पहिल्याच हिवाळ्यात गोधड्या पांघरून टीव्ही बघितला. घरातली एकमेव उबदार खोली मागची, उत्तरेची, आणि ती आम्ही भाड्याने देऊन बसलेलो. कुंदाने ती अबोलीसाठीच पसंत केली होती.

आता त्या दिवसांविषयी सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं नुसतं हसण्यावारी जाईल. आई आमच्याकडे सहा महिन्यांसाठी आली आणि सरहद्दी बंद झाल्या, तेव्हापासून इथेच होती. मे महिन्यात पुण्यात माझा मामा कोरोनाने गेला. आईने सख्ख्या भावाचं शेवटचं दर्शन फोनवर घेतलं, तेही नेट अडकत अडकत. त्यानंतर ती घाबरली ती घाबरलीच. तिला दमा आहे, आणि लशीचा एकच डोस झाला होता. जूनमध्ये इकडे लॉकडाऊन लागला, आमच्या भागात तर जास्तच कडक. डोक्यावर हेलिकॉप्टर फिरायचं, सकाळी अकराला टीव्हीवर आकडे सांगायचे, आणि ते ऐकून आई देवाजवळ जाऊन बसायची. मी घरून काम करत होते, म्हणजे लॅपटॉप उघडा ठेवून आईचा श्वास ऐकत होते. तिला शिंक आली तरी मी खुर्चीतून उठायचे. मी तेव्हा किती घाबरले होते हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं, मिलिंदलाही नाही.

जुलैच्या मध्यावर एका संध्याकाळी कुंदा कामावरून आली आणि घरात न शिरता मागच्या अंगणातूनच तिने मला हाक मारली. म्हणाली, मी आजपासून गॅरेजमध्ये झोपणार. मला वाटलं माझं ऐकण्यात चुकलं. तर तिचं म्हणणं असं, की तिची शिफ्ट पहाटेची, ती साडेचारला खोलीचं दार उघडते, त्या दाराने गार हवा आत येते, आणि अबोलीची खालची पानं पिवळी पडायला लागली आहेत. तेव्हा खोली बंद राहू दे, हीटर चालू राहू दे, आणि दिवसातून एकदा आत जाऊन तेवढा ताप मी मोजावा. "चान्स घ्यायचा नाही," ती म्हणाली आणि गॅरेजचं दार उघडून आत गेली.

आमच्या गॅरेजमध्ये गाडी कधीच मावली नाही, इतकं सामान. त्या सामानात तिने एक कॅम्पबेड घातला. झाडाला हीटरची खोली आणि माणूस सिमेंटच्या जमिनीवर, हे बघून मिलिंद म्हणाला की बाई पूर्ण गेली आता. आई तर रागावलीच. "हिने लग्न केलं असतं तर नवऱ्याला ओसरीवर झोपवलं असतं आणि कुंडी पलंगावर ठेवली असती," असं तिने मला निदान दहा वेळा सांगितलं.

मग बाकीच्या तऱ्हा सुरू झाल्या. जेवायला आत येईना, म्हणे बूट काढायचा कंटाळा, ताट बाहेरच्या टेबलावर ठेव. अंघोळ कामावरच करून यायची, कारण तिथलं पाणी जास्त गरम. लॉन्ड्रीला लागून आमचं बाहेरचं एक जुनं टॉयलेट होतं, ज्यात आम्ही कोळ्यांच्या भीतीने कधी पाऊल टाकलं नव्हतं, ते तिने घासून पुसून स्वतःसाठी घेतलं. अंगणातसुद्धा मास्क, कारण इथल्या वॉटलच्या झाडांना मोहोर आला की तिला शिंका येतात. मी खिडकीतून बोलायला गेले की ती दोन पावलं मागे सरकायची, आणि मला वाटायचं, माझं काहीतरी चुकलंय. आपण हिला अप्रिय झालो की काय, असंही मनात येऊन गेलं. पण झाडाची चौकशी रोज. आणि जाता जाता, "काकूंना खोकला-बिकला नाही ना? रात्री थंडी वाजत नाही ना?" मी म्हणायचे, झाडाची चौकशी झाली की आईचाही नंबर लागतो, भाग्यच आमचं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात एका दुपारी तिचा मेसेज आला. 'मी पॉझिटिव्ह आहे. दोन्ही डोस झालेत, ऑक्सिजन ठीक आहे, मी गॅरेजमध्येच राहते. तुम्ही तिघं आजच टेस्ट करा. काकूंना आधी.'

तो दिवस मला तुकड्यातुकड्यांत आठवतो. गाड्यांची ती लांबलचक रांग, मागच्या सीटवर आईचं पुटपुटणं, नाकात काडी घातल्यावर तिच्या डोळ्यांतून आलेलं पाणी. ती मला म्हणाली, "मला काही झालं तर मला इथे एकटीला दवाखान्यात ठेवू नका." मी हो म्हटलं. त्या काळात दवाखान्याच्या दारातून कोणाला आत सोडत नाहीत हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

घरी आल्यावर मिलिंदने घर धुऊन काढायला घेतलं. खेळती हवा हवी, असं टीव्हीवर रोज सांगत होते, म्हणून त्याने एकूण एक खिडकी उघडली. कुंदाच्या खोलीतली तर सताड उघडली, हीटर बंद केला, उशा-गाद्या बाहेर काढल्या, दाराच्या मुठी पुसल्या. तीन आठवडे ती त्या खोलीत फिरकलीही नव्हती, हे आम्हा दोघांपैकी कोणालाच सुचलं नाही. रात्रभर त्या खिडक्या तशाच राहिल्या.

सकाळी मी आत गेले तेव्हा अबोलीची पानं काळपट होऊन खाली लोंबत होती, उकडलेल्या पालकासारखी. दोन तुरे होते, तेही वाकलेले. ताप मोजला नाही. तशीच खिडकी लावली, हीटर लावला, आणि आता हिला सांगायचं कसं, याचा विचार करत राहिले. आजारी माणसाला असली बातमी द्यायची म्हणजे पाप वाटत होतं.

तेवढ्यात आरोग्य खात्यातून फोन आला. बोलणारी बाई शांत होती, दिवसभर हेच विचारत असावी. मिस परब आणि आम्ही शेवटचं एका छपराखाली कधी होतो, असं तिने विचारलं. मी दिवस मोजले आणि म्हटलं, एकवीस. "बरोबर," ती म्हणाली. "तिनेही तेच सांगितलंय. कामावर या लाटेतली पहिली केस निघाली त्याच दिवशी ती घराबाहेर राहायला गेली. बहुतेक लोक एवढं करत नाहीत." मी सांगणार होते, की नाही हो, ते झाडासाठी. तोंड उघडलंही होतं. मग मी कॅलेंडरकडे बघत नुसती उभी राहिले, आणि ती बाई "हॅलो, हॅलो" करत राहिली.

फोन ठेवला आणि दहा मिनिटांत आमचे रिझल्ट आले.

मी मास्क लावला आणि मागच्या अंगणात गेले. गॅरेजच्या दारापासून चार पावलांवर थांबले. आत ती खोकत होती. खोकला थांबला तशी मी बोलले, आणि तेही नेमकं चुकीचंच.

"कुंदा, अबोली गेली बहुतेक. मिलिंदने रात्री खिडक्या उघड्या ठेवल्या. माझं लक्षच नव्हतं गं."

"मरू दे ती," दारामागून आवाज आला, बसलेला. "काकूंचा रिझल्ट आला?"

"निगेटिव्ह. आम्हा तिघांचाही."

ती आत रडायला लागली. तोंडावर उशी-बिशी धरली असावी, कारण आवाज दाबलेला होता, पण थांबत नव्हता. इतक्या महिन्यांत मी तिला एकदाही रडताना ऐकलं नव्हतं. त्या बंद दाराशी उभं राहून मलाही रडू आलं.

थोड्या वेळाने मी विचारलं, "आम्हाला सरळ सांगितलं का नाहीस?"

"आधीच्या घरात सांगितलं होतं," ती म्हणाली. "कामावर एक केस निघाली म्हणून दुपारी सांगितलं. संध्याकाळपर्यंत त्यांनी माझ्या बॅगा फूटपाथवर ठेवल्या. कुंडीसकट."

आम्ही तसले नाही, असं म्हणायला मी श्वास घेतला. पण आदल्या दुपारी तिचा मेसेज वाचल्यावर मी पहिलं काम काय केलं होतं, ते मला आठवलं. तू कशी आहेस, असं विचारायच्या आधी मी उठून मागच्या दाराला आतून कडी घातली होती. तिने ती ऐकली असेल. गॅरेजमध्ये आमच्या घरातलं सगळं ऐकू येतं.

मी घरात आले, मागचं दार सताड उघडं ठेवलं, आणि तिच्यासाठी पेज टाकली.