अजिंक्य नौकेत सासरेबुवा

"बाबा, त्या नौकेवर मला कोण अडवणार? तिची शिडं मीच शिवलीत!" शिडवाल्या जावयानं छाती फुगवून सांगितलं आणि तो सासरेबुवांना नौका दाखवायला थेट धक्क्यावर घेऊन गेला.

नौका म्हणजे सुरीचं पातंच! लांबलचक, निमुळती. भर समुद्रातल्या शर्यतीत उतरायचं आणि पहिलं यायचं, एवढंच तिला ठाऊक. दुसरा नंबर तिनं कधी पाहिलाच नव्हता. त्या दुपारीही शर्यत होती. खलाशी धक्क्यावर कप्तानाचं भाषण ऐकत होते, तेवढ्यात हे दोघे हळूच आत शिरले.

पुढच्या खोलीत शिडांच्या घड्या रचलेल्या. "जरा पाठ टेकतो," म्हणत सासरेबुवा आडवे झाले ते घोरायलाच लागले! जावयानं गदागदा हलवलं. छे! उठतील आपोआप, म्हणून तो शेजारी टेकला आणि त्याचाही डोळा लागला.

जाग आली ती कपाळ भिंतीवर आपटून! खोली पार कलंडली होती. जावई धडपडत वर आला, तर चहूकडे नुसतं पाणी! किनाऱ्याचा पत्ता नाही!

"तू इथं?" कप्तान किंचाळला.

"साहेब, नौका मागे फिरवा ना..."

"मागे? आणि हरू? गुमान काठावर बस!"

"पण साहेब... खाली माझे सासरे आहेत."

कप्तानाच्या हातून सुकाणूच सुटलं!

पण झालं भलतंच. सासरेबुवा होते भारदस्त. वाऱ्यानं नौका कलली की त्यांना वरच्या काठावर बसवायचं, की नौका सावरून सुसाट सुटायची!

"बाबा, त्या बाजूला सरका!" खलाशी ओरडायचे.

"पुन्हा? अहो, आत्ता तर बूड टेकलं!"

जावई मात्र ओकून ओकून हिरवा पडला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी नौका पहिली आली. धक्क्यावर बँड, टाळ्या आणि सर्वांत पुढे जावयाची बायको.

"अहो, मी पोलिसांत तक्रार दिली! कुठे होतात? आणि बाबांचे काय हाल केलेत हे!"

इतक्यात पंचांनी डोकी मोजली. "यादीपेक्षा दोन माणसं जास्त! नौका बाद!"

बँड थांबला. कप्तानाला हा नियम माहीत नव्हता. आजवर सासऱ्यांना घेऊन शर्यतीत कोण उतरलं होतं? तो मटकन खाली बसला. जावयाला धरणी दुभंगावी असं झालं.

सासरेबुवांनी कप्तानाच्या पाठीवर थोपटलं.

"मनाला लावून घेऊ नका, कप्तानसाहेब. पुढच्या वेळी आमची नावं आधी देऊन ठेवा!"