तात्यांची पुजलेली बंदूक

"एक बार काढला की लासुर्ण्यातली डुकरं थेट नरसिंहपुरात संगमावर जाऊन पडत्याल!" विजयसिंह तात्या मिशीवर हात फिरवत म्हणाले.

आणि म्हणाले कुणापुढं? तर नव्या व्याह्यांपुढं! लेक सुप्रिया बारामतीला दिलेली. तिचे सासरे रावजी पाहुणचाराला आलेले. रानडुकरांनी ऊस लोळवलाय म्हटल्यावर त्यांनी सहज विचारलं, "तुमच्याकडं बंदूक हाय म्हणं?" झालं! आता बार निघाला नाही, तर लेकीच्या सासरी जन्मभराचं हसं.

बंदूक होती. वडिलांच्या वेळची, परवान्याची. पुढचा दांडा मागंपुढं ओढला की काडतूस आत सरकायचं, म्हणून गाव तिला पंपाची बंदूक म्हणायचं. आणि निगा? अहो, देवाची होत नसेल एवढी! दर खंडेनवमीला हळद, कुंकू, अक्षता आणि वर पळीभर गोडेतेल. उडवली मात्र कधीच नव्हती!

दुसऱ्या दिवशी ऊसतोड शेवटच्या तुकड्यावर आली. डुकरं तिथंच दडलेली. तात्या फेटा बांधून बांधावर उभे, शेजारी रावजी. ऊस हलला. तात्यांनी नळी आभाळाकडं करून दांडा ओढला. हलेना!

"तात्या, बार?"

"दमा की! लई दिवसांनी बाहेर काढलीया, जरा लाजतीया!"

पुन्हा ओढला. गुडघ्यात धरून ओढला. शेवटी दस्ता तात्यांकडं, दांडा रावजींकडं, अशी दोन व्याह्यांची रस्सीखेच सुरू झाली. तेवढ्यात एक दांडगं डुक्कर फुसफुसत समोर आलं! बंदूक बांधावर टाकून दोघं उसाच्या ट्रॉलीवर चढले. आधी कोण चढलं, यावर बारामती आणि लासुर्ण्यात अजून एकमत नाही.

इतक्यात तात्यांच्या कारभारीण सिंधुबाई परातीत न्याहारी घेऊन आल्या. भाकरी बाजूला ठेवल्या आणि परातीवर विळ्यानं असा दणका दिला, की डुकरं शेपट्या वर करून पसार!

बारामतीच्या कारागिरानं बंदूक खोलली. आत तेलाचा डिंक, त्यात हळदीचा थर, त्यात अक्षता. त्यानं आधी पायातली चप्पल काढली. मग म्हणाला, "तात्या, हिला खोलून पुसायचं असतं, पुजायचं नसतं!"

यंदा खंडेनवमीला रावजी मुद्दाम आले. पाटावर चेपलेली परात! बंदूक कोपऱ्यात. तात्यांनी निमूट हळदकुंकू वाहिलं. सवयीनं हात तेलाच्या पळीकडं गेला, तशा सिंधुबाई ओरडल्या,

"तेल नगं! ही तरी वाजू द्या!"