दाताला इचारतो

मी सगळ्यांत जास्त ऋणी आहे तो कुंडलच्या तात्यांच्या दातांचा. तात्या आमचे शेजारी. पलटणीत स्वयंपाकी होते. निवृत्त होऊन गावी आले आणि भुईमुगाचे परीक्षक झाले. कुणी नेमलं नव्हतं.

शेंगा निघाल्या की लोक मूठभर दाणे घेऊन त्यांच्या कट्ट्यावर यायचे. "थांब रं, दाताला इचारतो," म्हणत तात्या एकच दाणा डाव्या दाढेखाली धरायचे आणि डोळे मिटायचे. तेवढा वेळ कुणी बोलायचं नाही. एकदा माझे वडील शिंकले, तर तात्यांनी नवा दाणा मागून घेतला. मग निकाल: "त्याल हाय." किंवा, "खवाट. म्हशीला घाल."

माझी बारावी झाली तेव्हा वडील म्हणाले, आता बास. तात्या उखडले. "अरं, माजं दात काय जल्मभर ऱ्हात्यात? दाण्यात काय हाय ते कागदावर लिवणारा एक तरी पायजे का न्हाई गावात?" दुसऱ्या दिवशी स्कूटरवर मागे बसवून त्यांनीच मला सांगलीच्या कॉलेजात नेलं. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी असा झालो.

आता मी सांगलीतच एका प्रयोगशाळेत बियांतलं तेल आणि प्रथिनं मोजतो. मागच्या महिन्यात तपासायला आलेल्या जंगली भुईमुगाच्या चार शेंगा उरल्या, त्या तात्यांना दाखवायला नेल्या. या शेंगेत दाणे दोन, पण दोघांची टरफलं वेगळी. मध्ये नुसता दोरा. तात्यांनी उलटसुलट पाहिलं.

"भांडण झालंय व्हय रं ह्यांचं?"

मग दाणा तोंडात टाकून डोळे मिटले. बराच वेळ गेला, कटकन आवाज काही येईना.

"लय कडक हाय गड्या. उद्या सांगतो," म्हणून त्यांनी रुमालानं तोंड पुसलं. रुमालातून दाणा घरंगळला. अख्खा. मी पटकन दुसरीकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी तात्या कट्ट्यावर आलेच नाहीत.

फोनवर ते नुसते ओरडतात, म्हणून सांगलीहून पत्र लिहिलं:

"तीर्थस्वरूप तात्यांस साष्टांग नमस्कार. जंगली दाणा तपासून झाला. तेल आपल्या दाण्याइतकंच भरलं, प्रथिनंही चांगली. दाणा इवलासा, पण आत सगळं आहे. फक्त तेलाची जात अशी, की लवकर खवट व्हावं. एवढं यंत्रानं सांगितलं. चव त्याला कळत नाही, म्हणून तो रकाना कोरा ठेवलाय. रविवारी येतो. या वेळी दाण्यांचा कूट करून आणतोय. जिभेला सांगून ठेवा."