एकदा ब्रेक मारजो

शामरावभाऊंच्या गॅरेजपुढे ट्रक उभा केला की ते आधी पुढचं चाक काढतात. बोलणं मग. चाकावाचून ट्रक पळत नाही आणि ट्रकवाचून ड्रायव्हर, असं त्यांचं साधं गणित आहे.

घुग्घुसबाहेर सिमेंटच्या गाड्या वळतात त्या वळणावर त्यांचं टिनाचं गॅरेज. टिनाचा मूळ रंग कोणता, हे धुळीपायी आता त्यांनाही आठवत नाही. माझा एकच ट्रक, चालवतोही मीच, आणि त्याचे ब्रेक कधी बदलायचे हे मी ठरवतो असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

"भाऊ, फक्त पाहून सांगा," असं म्हणत मी खाली उतरेपर्यंत जॅक लागलेला असतो. उचललेलं चाक ते दोन्ही हातांनी धरून, म्हातारीचा दात हलवून पाहावा तसं, डोळे मिटून हलवतात. मग चाक बाजूला, ब्रेकचे लायनर बाहेर, आणि पाठोपाठ तो प्रश्न : "घरी वाट कोण पाहून राह्यलं?"

झिजलेल्या लायनरचा आणि घरच्या माणसांचा संबंध काय, हे आम्हा ड्रायव्हरांना कधीच कळलं नाही. निकाल मात्र उत्तरावर लागायचा. एकाने कौतुकाने सांगितलं की बायकोला सातवा महिना आहे. भाऊंनी त्याचे चांगले लायनर तर फेकलेच, वर पुढचं चाक जिच्यावर वळतं ती किंगपिनही बदलली. तेव्हापासून, घरी कोणी नाही म्हटलं तर सूट मिळते, अशी अफवा आमच्यात पसरली.

गाडी हवाली करताना मात्र सगळ्यांना एकच ताकीद : "परत येताना माह्या दुकानापुढं एकदा ब्रेक मारजो."

आम्ही मारायचो. भाऊ टिनाखालून हात वर करायचे. म्हाताऱ्याला आपलीच कारागिरी ऐकायची हौस, असं म्हणून आम्ही हसायचो.

गेल्या हिवाळ्यात मला एटापल्लीला सिमेंट पोचवायचं होतं. ब्रेक उशिरा लागत होता, स्टेअरिंग डावीकडे ओढत होतं, पण एक खेप निघाली असती. निदान मला तसं वाटत होतं. भाऊंनी चाक काढलं आणि प्रश्न विचारला.

"कोणीच नाई, भाऊ," मी चेहरा जमेल तितका पाडला. "बायको भांडून सिंदेवाहीले माहेरी गेली. येत नाई म्हणते."

खरं तर त्या घटकेला ती घरी माझ्या डब्यासाठी वांगी चिरत होती.

भाऊंनी काढलेलं चाक भिंतीला टेकवलं. मग त्यांनी पाना उचलला. "मंग तं आजच बदलवतो."

"काऊन? वाट पाहणारं कोणी नाई ना!"

"थेच तं," ते म्हणाले आणि ट्रकखाली शिरले.

लायनर, किंगपिन, स्टेअरिंगचा टायरॉड, सगळं नवं. मी अर्धा दिवस उशिरा आणि पूर्ण वैतागून निघालो. एटापल्लीच्या अलीकडे उतारावर, वळण घेतलं तर समोर गायींचा कळप. ब्रेक दाबला. ट्रक जराही न ओढता जागच्या जागी उभा राहिला. शेवटची गाय रस्ता ओलांडून जाईपर्यंत मी ब्रेकवरून पाय काढला नाही.

परतताना भाऊंना तोंड दाखवायची लाज वाटली. खोटं बोललो होतो ना! मी दुसऱ्या रस्त्याने घर गाठलं. त्यांचे चार फोन आले, तेही उचलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. बायकोने उघडलं. बाहेर शामरावभाऊ, बाजूला सायकल, हातात स्टीलचा डबा.

"तू कोण व बाई?"

"मी यांची बायको."

"माहेराहून कधी आली?"

"मी कुठी गेली होती?"

मी पलंगाखाली जागा आहे का ते पाहत होतो. भाऊ आत आले, पण खोट्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत.

"ब्रेक काऊन नाई मारला?"

"ब्रेक एकदम चांगला आहे, भाऊ."

"चांगलाच हाय. मी बसवला. पण तू आला का नाई, थे मले कसं समजन?" त्यांचा आवाज चढला आणि मध्येच बसला. "मी ट्रक चालवत होतो तवा आमची बाई ब्रेक ऐकून चहा ठेवे. ती गेली. आता माही वाट पाहाले कोणी नाई. म्हणून तुमची मी पाहातो. तुह्या घरी तं कोणीच नाई म्हणला, म्हणून वरण-भात आणला."

बायकोने भाऊंना बसवून गरम भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली. माझ्यापुढे तिने भाऊंचा डबा आदळला. वरण भयंकर खारट होतं. मी सगळं संपवलं.

भाऊ सायकलवर बसले तेव्हा ती दारातून म्हणाली, "भाऊ, पोचल्यावर फोन करजा."

"दोन किलोमीटर तं हाय व बाई."

"तरी करजा. मी वाट पाहातो."

पंधरा मिनिटांनी फोन वाजला. "पोचलो व बाई," भाऊ म्हणाले, आणि त्यानंतर बराच वेळ त्यांनी फोन ठेवलाच नाही.