आंब्यातली काथवट

नामदेव मिस्त्री रस्त्यात उभे राहायचे ते झाडाच्या सावलीसाठी नव्हे. झाडाच्या आत काय आहे ते बघायला. मागून सायकलवाले घंट्या वाजवून थकायचे, बैलगाडी शेतातून वळसा घालायची, आणि मिस्त्री मान तिरकी करून बुंध्याकडे बघत असायचे.

"मास्तर, ह्या आंब्यात पीठ मळायची एक काथवट हाय. निजलीया," ते मला म्हणाले, तेव्हा मी चिंचवडच्या शाळेत बदलून येऊन जेमतेम महिना झाला होता. पुढे कळलं, की शिरसात त्यांना पोळपाट दिसायचे, बाभळीत लाटणी. घरं आणि माणसं मात्र दिसायची नाहीत. स्वतःच्या घरावरून पुढे गेलेले मीच दोनदा पाहिलेत.

पिंपरीला नव्या निघालेल्या कारखान्यात ते टर्नर होते. दिवसभर लोखंड, संध्याकाळी लाकूड. गुलाबशेटच्या पिठाच्या गिरणीमागे त्यांनी भंगारातला लेथ, लाकूड फिरवून कातायचं यंत्र, मांडला होता. दळण संपलं की इंजिनाचा पट्टा त्याच्यावर चढायचा. पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवयांखाली मिस्त्री फिरत्या लाकडाकडे असे बघायचे, की हाक मारायचा धीर होत नसे.

तो आंबा वादळात पडला आणि त्याच्या बुंध्याची दोन हात रुंद चकती मिस्त्रींनी मिळवली. एवढं धूड लेथवर धरायला मोठा चक हवा. चक म्हणजे फिरत्या कामाला पकडणारी लोखंडी मूठ. पेटीवरचं इंग्रजी वाचायला म्हणून पुण्याच्या जुन्या बाजारात मलाही नेलं.

दुकानदाराने तीन जबड्यांचा चक पुढे केला. "एक चावी फिरवा, तिन्ही बरोबर सरकतात."

"सरकतील. पर लाकूड कुठं येवढं गोल हाय?"

"मग चार जबड्यांचा घ्या. प्रत्येक निराळा सरकतो."

मिस्त्रींनी त्या जबड्यांत स्वतःचं मनगट घालून चावी फिरवली आणि डोळे मिटले. बराच वेळ गेला. गिऱ्हाइकं जमली. दुकानदार मला हळूच म्हणाला, "यांना बरं वाटत नाहीये का?"

"ह्योच द्या," मिस्त्री डोळे उघडून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पट्टा चढला, लाकूड घुमू लागलं, आणि जबड्यातून सुटून आमच्या दोघांच्या मधून दाराबाहेर गेलं. गुलाबशेट बाजरीच्या पोत्यांमागे आडवे झाले होते. तिथूनच ओरडले, "मिस्त्री, गिरणी हाय ही! तोफखाना न्हाई!"

मिस्त्री मात्र लाकडावरचे दातांचे वण चाचपत होते. "लई आवळलं म्या. लाकूड चेपलं," म्हणाले.

पुढच्या रविवारी पुन्हा तेच दुकान. या वेळी त्यांनी साधी भोकांची सपाट तबकडी उचलली.

"अहो, हे तर सगळ्यात साधं," दुकानदार म्हणाला.

"व्हय. येला दातच न्हाईत."

काथवटीच्या बुडाला त्यांनी सरसाने एक फळकूट चिकटवलं आणि तबकडीचे स्क्रू त्या फळकुटात घातले. काथवटीला ओरखडा नाही. आठ संध्याकाळींत ती हळूहळू पोकळ होत गेली. ओल्या आंब्याचा वास, पिठाचा धुरळा, इंजिनाची संथ धडधड. मी वह्या तपासायला न्यायचो आणि तशाच परत आणायचो. बूड मात्र त्यांनी चांगलं चार बोटं जाड ठेवलं. शेवटी फळकूट पटाशीने अलगद सोडवलं.

ती घरी न्यायला दोघं लागलो. "दोन माणसांच्या घरात एवढी जड?" मी धापा टाकत विचारलं. मिस्त्रींनी पायाने दार लोटलं.

चुलीपाशी मिस्त्रींच्या पत्नी सगुणावहिनी बसल्या होत्या. त्यांचा उजवा हात मांडीवर निपचित पडलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. अर्धांगाच्या झटक्याला दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून भाकरी शेजारच्या काकू थापून देत. एका हाताने मळू गेलं की परात घरभर सरकायची. शेवटी वहिनींनी पिठाला हात लावणंच सोडलं होतं.

मिस्त्री काथवट त्यांच्यापुढे ठेवून बाहेर गेले. वहिनींनी डाव्या हाताने पीठ घेतलं, पाणी ओतलं, तळहात दाबला. काथवट हलली नाही. पहिली भाकरी मोडली. दुसरी तव्यावर पडली आणि फुगली.

"मास्तर, त्यास्नी हाक मारा. भाकर निवतीया," वहिनी म्हणाल्या.

मिस्त्री बाहेर ओट्यावर दाराकडे पाठ करून बसले होते.

"चला, आत या की."

"हळू बोला, मास्तर," ते म्हणाले. "म्या बघाया लागलो की तिचा हात थांबतो. थापू द्या अजून दोन-चार."

आत थापण्याचा आवाज चालू होता. मीही त्यांच्याशेजारी ओट्यावर बसलो.